‘डिप्रेशनमध्ये गेला’ की ‘त्याला डिप्रेशन झालं’?

इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. दवाखान्यातून भाच्याबरोबर आलेल्या हिंदी माहितीपत्रकावर ‘अवसाद’ लिहिलंय, पुण्याची जाऊबाई ‘नैराश्य’ म्हणते आणि घरात सगळे ‘तो डिप्रेशनमध्ये गेलाय’ म्हणतात. यातलं बरोबर काय, आणि आईला, म्हणजे भाच्याच्या आजीला, काय सांगायचं?

ताई, ‘अवसाद’ हिंदीतला म्हणून परका मानू नका. सद् म्हणजे बसणं, खचणं. त्याच धातूपासून विषाद आला आणि प्रसन्नही आला. आयुर्वेदात ‘अंगसाद’ म्हणजे अंग गळून जाणं. मला हा शब्द आवडतो, कारण या आजारात मनाबरोबर शरीरही खचतं. झोप उडते किंवा दिवसभर झोपून राहावंसं वाटतं, भूक मरते, अंगात त्राण राहत नाही. आपली कितीतरी माणसं ‘डोकं जड झालंय’ एवढंच सांगत वर्षानुवर्षं डोकेदुखीच्या गोळ्या घेत राहतात.

‘नैराश्य’ चुकीचा नाही, वर्तमानपत्रांत तोच रुळलाय. पण त्यात आशा दडलेली आहे, त्यामुळे ऐकणारा लगेच ‘अरे, आशा सोडू नकोस’ म्हणून मोकळा होतो. तो वापरायचा तर ‘नैराश्याचा आजार’ असा पुरा वापरावा. ‘उदासीन’ मात्र टाळाच. त्याचा मूळ अर्थ अलिप्त, तटस्थ. ‘पालिका उदासीन आहे’ म्हणतो तोच. ज्या मुलाला अपराधीपणानं रात्र रात्र मन खातं, त्याला अलिप्त म्हणणं हा अन्याय आहे.

खरा घोळ क्रियापदात आहे. मराठीत आजार माणसाला होतो: त्याला ताप आला, तिला दमा आहे, आजोबांना कावीळ झाली. माणूस चतुर्थीत, आजार कर्ता. ‘डिप्रेशनमध्ये गेला’ म्हटलं की कर्ता तो मुलगा होतो, जणू आपल्या पायानं चालत गेला. मग ‘गेलास तसा बाहेर ये’ हेही ओघानं येतंच. हिंदीत ‘डिप्रेशन में चला गया’ म्हणतात, तिथून ते आपल्या तोंडी बसलं असावं. घरात तरी ‘त्याला डिप्रेशन झालंय’ म्हणा. इंग्रजी शब्द राहिला तरी चालेल, मधुमेहाला ‘शुगर’ म्हणतोच की आपण.

आजीला सांगताना ‘करमत नाही’पासून सुरुवात करा. लेक सासरी गेली की करमत नाही, ती माहेरी आली की पुन्हा करमतं. याचं तसं नाही. माणसं जवळ असूनही, आवडीचं ताटात असूनही कशातच गोडी वाटत नाही, आणि हे दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ चालतं; झोप, भूक, लक्ष लागणं, सगळंच बिघडतं. तेव्हा डॉक्टर त्याला आजार म्हणतात.

उपचाराचं बोलताना ‘झोपेच्या गोळ्या’ हा शब्द घरातून काढून टाका. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम, फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं आहेत. त्यांचं व्यसन लागत नाही. गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही, आणि सुरुवातीला मळमळ होऊ शकते. नेमके त्याच दिवसांत घरचे ‘काही उपयोग नाही’ म्हणत गोळ्या बंद करतात. बरं वाटल्यावरही सहसा निदान सहा महिने औषध चालू ठेवतात, आणि थांबवायचं ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू कमी करत. आजार सौम्य असेल तर समुपदेशनानंही बरं वाटतं. तीव्र असेल तर दोन्ही एकत्र देतात.

आणि भाचा ‘मी नसलेलाच बरा’ असं काही बोलला, तर विषय बदलू नका. ‘जीव द्यावासा वाटतो का रे?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी एमवायला, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात घेऊन जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मोफत आहे. तो फोन घरातलं कुणीही लावू शकतं, आजीसुद्धा.