पस्तिसाव्या किलोमीटरला पाय उचलत नाहीत, तेव्हा रेटायचं की सोडायचं?

एका दिवसात ५० किलोमीटर चालायचं ठरवलंय, पण सरावात पस्तिशीच्या आसपास पाय संपतात; रेटू की सोडू, आणि बूट कोणते घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

सोडू नका. थांबा. हे दोन वेगळे आहेत, आणि माझ्या घरात ते अजून सगळ्यांना पटलेलं नाही.

आबा दर नाथषष्ठीला संभाजीनगरहून पैठणला चालत जायचे. दादाला न्यायचे. मी हट्ट धरला की म्हणायचे, पोरीच्या जातीचं काम नाही ते. पंचेचाळीस पूर्ण झाली तेव्हा ठरवलं, एकटीनं जायचं आणि एका दिवसात जायचं. नाथषष्ठी येते फाल्गुनात, तेव्हा ऊन तापलेलं असतं, म्हणून जानेवारी निवडला. पहाटे ४ वाजता क्रांती चौकातून निघाले.

बिडकीनपर्यंत काही जाणवलं नाही. शहराला जायकवाडीचं पाणी आणणारे पाइप या रस्त्याच्या कडेनं आहेत, त्यांच्या सोबतीनं चालत राहिले. पुढं मात्र उजवा गुडघा बोलायला लागला. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, तासन् तास एकाच कडेनं चाललं की एका पायावर जास्त भार येतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. ढोरकीन आलं तेव्हा दीड वाजला होता. मळमळत होतं, बोटं सुजून अंगठी रुतली होती आणि किती चालले याचा हिशोब लागेना. सकाळपासून चारेक लिटर पाणी प्याले होते, पण नुसतं पाणी. घामावाटे मीठ जातं, वरून नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं. माझं तेच झालं असणार.

एका हॉटेलाच्या बाजेवर टेकले. तिथल्या मावशी म्हणाल्या, "ताई, पाय सुजायलेत की तुमचे. पडा जरा, पैठण कुठं पळून चाललंय?" त्यांनी मीठ घातलेलं ताक दिलं, नंतर पिठलं-भाकरी. मी सव्वादोन तास गाढ झोपले. उठले तेव्हा पहिली शंभर पावलं काठीसारखी पडली, मग पाय आपोआप सुटले. पुढचे पंधरा किलोमीटर हळूहळू, पण डोकं जाग्यावर ठेवून चालले. ७ वाजून ४० मिनिटांनी नाथांच्या समाधीपुढं उभी होते. आबा नव्हते तेव्हा. पण त्यांचीच आठवण झाली आणि तिथंच बसून खूप रडले.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "मधी झोपलीस म्हणजे धरता येत नाही."

मला हे आजही लागतं. नाथांची पालखी पैठणहून पंढरपूरला मुक्काम करत करतच जाते. विसाव्याला कुठला वारकरी हार म्हणतो? पाय दुखणं हा थकवा आहे, तो सोसून चालता येतं. डोकं गरगरणं, उलटी, बोलताना शब्द न सापडणं, हा थकवा नाही, तिथं जिद्द दाखवणारा मूर्ख. तुमचे पाय पस्तिशीला संपतात ते बहुतेक खाणं कमी पडतं म्हणून. तासा-दीड तासानं पोटात काहीतरी जाऊ द्या, गूळ-शेंगदाणे, केळं, आणि सोबत मीठ. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. माझ्या पिशवीत आता तेच असतं.

बुटांचं माझ्याकडं फारसं सांगण्यासारखं नाही. चालून पाय फुगतो, म्हणून थोडे मोठे घ्या, आणि नवे बूट त्या दिवशी घालू नका.

हो, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर हे मीठ-साखरेचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. आणि लघवी चहासारखी गडद झाली, तर चालणं तिथंच संपवून दवाखाना गाठा. तेव्हा विसावाही पुरत नाही.

आणि वेळ लिहाल तेव्हा झोपेसकट लिहा. माझी १५ तास ४० मिनिटं. आबा आणि दादा बिडकीनला रात्रीचा मुक्काम करायचे. दादानं त्याची वेळ लिहावी.