दहा बाय बाराच्या खोलीत एकाच फ्लॅशवर पोर्ट्रेट काढता येते का? लाइट चेहऱ्यापासून ३ फुटांवर आणि चेहरा भिंतीपासून ६ फुटांवर ठेवतो, तेव्हा मागची पांढरी भिंत दर वेळी करडी का येते?

काढता येते, आणि माझ्या मते शिकण्यासाठी एकच लाइट अधिक चांगला. मी काही वर्षे तालुक्याच्या गावी पासपोर्ट फोटोच्या दुकानात काम केले. तिथे फ्लॅशचा उजेड पसरवणाऱ्या दोन छत्र्या दोन्ही बाजूंना कायमच्या उभ्या असत आणि त्या सरसकट उजेडात प्रत्येक चेहरा पोळपाटासारखा सपाट येई. एकदा एक फ्लॅश बिघडला, त्या दिवशी गिऱ्हाइकांच्या गालांना गोलाई असते हे मला प्रथम दिसले.

आता भिंतीकडे येतो. लाइटपासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो आणि तिप्पट झाले की नवव्या हिश्शावर येतो. तुम्ही लिहिल्याप्रमाणे लाइट चेहऱ्यापासून ३ फुटांवर आणि चेहरा भिंतीपासून ६ फुटांवर असेल, तर भिंत लाइटपासून ९ फुटांवर जाते, म्हणजे तिच्यावर चेहऱ्यापेक्षा सुमारे ३ स्टॉप कमी उजेड पोहोचतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). मग ती कितीही पांढरी रंगवलेली असो, करडीच दिसणार. व्यक्तीला भिंतीपासून ३ फुटांवर बसवून लाइट ६ फूट लांब नेल्यास हा फरक एका स्टॉपच्या थोडा वर राहतो आणि भिंत बरीच उजळते, परंतु तेवढ्या अंतरावरून फ्लॅशवरचा तुमचा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) चेहऱ्याला निम्म्याच रुंदीचा भासतो, सावल्यांच्या कडा धारदार होतात आणि डोक्याची सावली भिंतीवर उमटते. मी करडी भिंत पत्करतो आणि सॉफ्टबॉक्स जवळच ठेवतो.

सुरुवातीला कॅमेऱ्यावर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, शटर १/१२५ सेकंद आणि ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ ८ ठेवून, फ्लॅश बंद असताना एक फोटो काढावा. तो काळाकुट्ट आला म्हणजे खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड फोटोत मिसळत नाही याची खात्री होते.

लाइट चेहऱ्याच्या एका बाजूला सुमारे ४५ अंशांवर आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर असावा. तो आणखी बाजूला व वर सरकवत गेल्यास नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा लहानसा त्रिकोण उरतो. डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. लहान खोलीत मात्र पांढऱ्या भिंतींवरून उजेड परतून सावली पुसट होते. अशा वेळी सावलीच्या बाजूला खुर्चीवर काळी घोंगडी टाकावी. उलट सावली फार गडद वाटल्यास तिथेच थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा करावा आणि तो हाताने पुढेमागे करत गाल किती उजळतो ते पाहावे.

नऊवारी नेसलेल्या, नथ घातलेल्या एका आजींचा फोटो काढताना माझी फजिती झाली होती. लाइट उंच असल्यामुळे नथीची सावली थेट वरच्या ओठावर पडत होती आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ती मिशीसारखी दिसत होती. स्टँड वीतभर खाली घेतला आणि आजींना हनुवटी किंचित लाइटकडे वळवायला सांगितली, तेव्हा ती सावली ओठावरून सरकून गालाच्या कडेला गेली. नथ असेल तर पहिला फोटो मोठा करून ओठ आधी तपासावा.