'बर्थ ऑफ द कूल' मला सपाट वाटला. त्यात ऐकायचं काय?

तुम्ही लिहिलंय, अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'बर्थ ऑफ द कूल' हा अल्बम दोनदा ऐकला, गोड वाटला, पण एवढं नाव कशासाठी ते कळलं नाही. मलाही पहिल्यांदा अगदी असंच झालं होतं. मी नुसता ट्रम्पेट शोधत होतो. मुखपृष्ठावर माइल्स, म्हणजे सगळं त्याच्याच वाद्यात असणार, असं धरून बसलो होतो. या अल्बममध्ये कान खाली न्यावा लागतो, ट्युबा आणि फ्रेंच हॉर्न या खोल आवाजाच्या पितळी वाद्यांपर्यंत.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. हा अल्बम म्हणून वाजवलेलाच नाही. जानेवारी १९४९, एप्रिल १९४९ आणि मार्च १९५० अशा तीन बैठकांत न्यूयॉर्कला कॅपिटल कंपनीसाठी १२ चिजा ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांतल्या काही ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, एका बाजूला तीनेक मिनिटं मावणाऱ्या) तबकड्यांवर सुट्या निघाल्या आणि फारशा खपल्या नाहीत. १९५७ मध्ये ११ चिजा एका एलपीवर आल्या, तेव्हा कुठे हे नाव पडलं. म्हणजे बारशाला मूल चांगलं आठ वर्षांचं होतं! प्रत्येक चीज तीन मिनिटांच्या आसपास आटोपते, तेही ७८ च्या तबकडीमुळेच. आपल्या जुन्या गवयांनी तीन मिनिटांत राग कसा बसवला हे ज्यांनी ऐकलंय, त्यांना या बंदिस्तपणाची गंमत लगेच कळेल.

पहिल्या बैठकीच्या वेळी माइल्स २२ वर्षांचा होता. त्याआधी तो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करबरोबर बीबॉप वाजवायचा, म्हणजे भन्नाट लय आणि सुरांचा नुसता पाऊस. दुसरीकडे गिल इव्हान्स, वाद्यवृंदासाठी चालींची मांडणी लिहिणारा. ५५व्या रस्त्यावर एका चिनी लॉन्ड्रीच्या मागे त्याची तळघरातली खोली होती आणि तिथे माइल्स आणि बाकीची संगीतकार मंडळी जमायची. गिल आधी क्लॉड थॉर्नहिलच्या मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहायचा. त्या वृंदाचा ढगासारखा मऊ, संथ नाद कमीत कमी वाद्यांत कसा आणायचा, यावर तिथे खल चाले. उत्तर निघालं नऊ. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन, अल्टो आणि बॅरिटोन सॅक्सोफोन, फ्रेंच हॉर्न आणि ट्युबा, अशा उंच-खोल जोड्या. सोबत पियानो, बेस, ड्रम्स. जॅझमध्ये हमखास असणारा टेनर सॅक्सोफोन यात नाहीच. आणि ट्युबा नुसता 'भों भों' ठेका धरत नाही, बिल बार्बर त्यावर चक्क चाल वाजवतो.

आता 'मून ड्रीम्स' लावा, हेडफोन लावून. चाल संपते, आणि आता गाणंही संपणार असं वाटतं. तेवढ्यात ली कोनिट्झचा अल्टो एका उंच सुरावर थांबून राहतो आणि खालची वाद्यं एकेक करून अर्ध्या-अर्ध्या सुराने सरकायला लागतात. पायाखालची वाळू लाटेबरोबर हलकेच निघून जावी तसं. ही मांडणी गिल इव्हान्सची. माझ्या अंगावर अजून काटा येतो, आणि यात कोणीही मोठ्याने वाजवत नाही. हे १९५० साली तीन मिनिटांत घडलंय.

मग 'बॉप्लिसिटी' ऐका. चाल ट्रम्पेटची वाटते, पण ट्रम्पेट फक्त वरची रेघ आहे. बाकीची वाद्यं तिला चिकटून चालतात, म्हणून तिचा रंग एवढा दाट लागतो. श्रेयात क्लिओ हेन्री असं नाव दिसेल, ते माइल्सच्या आईचं. चीज माइल्सची आणि गिलची. जॉन कॅरिसीची 'इझ्रायल' तिसरी ठेवा, ब्लूज असूनही ती ओळखीच्या वाटेने जात नाही.

'कूल' म्हणजे 'गार', म्हणजे भावना नसलेलं, असा अर्थ मात्र घेऊ नका. 'मूव्ह'मध्ये मॅक्स रोचचे ड्रम्स ऐका, आग तीच आहे, फक्त झाकण ठेवलंय.

तुमच्याकडच्या प्रतीत शेवटी 'डार्न दॅट ड्रीम' हे गायलेलं गाणं असेल, तर ते १९५७ च्या तबकडीत नव्हतं. पहिले काही दिवस ते वगळूनच ऐका.