'न्यू स्प्रिंग' कधी वाचावं, आणि त्यावरचा जुना राग किती मनावर घ्यावा

प्रश्न असा आहे: रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'व्हील ऑफ टाइम' या कल्पनारम्य कादंबरीमालिकेचे दहा भाग वाचून झालेत. आता अकरावा उचलायचा की आधी 'न्यू स्प्रिंग' ही पूर्वकथा वाचायची? आणि एकाच पुस्तकाला कुणी एक तारा देतं, कुणी पाच, हे कसं?

आत्ताच वाचा. दहावा संपलाय आणि अकरावा उघडायचाय, ही या पुस्तकाची हक्काची जागा आहे, कारण जानेवारी २००४ मध्ये ते याच फटीत प्रसिद्ध झालं. परीक्षणं वाचताना मात्र आधी तारीख बघा, तारे नंतर. (खाली दहाव्या भागापर्यंतचं मोकळेपणानं लिहिलंय, पुढचं काही फोडलेलं नाही. मागच्या भागांत असलेल्यांनी इथेच थांबलेलं बरं.)

तारीख का, ते समजायला तेव्हाच्या वाचकाच्या जागी बसावं लागतं. नववा भाग, 'विंटर्स हार्ट', नोव्हेंबर २०००मध्ये आला. त्याच्या शेवटी साइदीन, म्हणजे पुरुषांच्या वाट्याची दूषित झालेली जादुई शक्ती, शुद्ध होतं, म्हणजे पहिल्या भागापासून मानेवर बसलेलं भूत उतरतं. आता गाडी सुसाट सुटणार या आशेवर लोक दोन वर्षांहून जास्त थांबले. जानेवारी २००३ मध्ये 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट' हाती पडलं, तर त्यातला मोठा हिस्सा त्या शुद्धीकरणासाठी प्रचंड शक्ती वापरली जात असताना बाकीची मंडळी कुठे होती आणि त्यांना लांबून काय जाणवलं, यातच खर्ची पडलेला. पेरिन फायीलला शोधतोय तो शोधतोयच, मॅट टूऑनला घेऊन वाटेवर आहे तो वाटेवरच. एलेनच्या आंघोळीची थट्टा तर आजही चालते. आणि शेवटच्या पानांत एग्वेन पकडली जाते, तिथे पुस्तक बंद.

बरोबर वर्षभरानं त्याच लेखकाचं, त्याच मालिकेचं नवं पुस्तक येतं. वाचक एग्वेनचं काय झालं म्हणून धावत जाऊन घेतो आणि उघडतो तर कथा वीस वर्षं मागे. एग्वेनचा तेव्हा जन्मही झालेला नाही! पुढचा खरा भाग, 'नाइफ ऑफ ड्रीम्स', ऑक्टोबर २००५मध्ये आला. या मधल्या काळात लिहिलेलं एक ताऱ्याचं परीक्षण म्हणजे पुस्तकावरचं मत कमी आणि तुंबलेल्या प्रतीक्षेची पावती जास्त. तुमच्या बाबतीत ही प्रतीक्षाच उरलेली नाही. जॉर्डन १६ सप्टेंबर २००७ रोजी गेले. त्यांनी मागे ठेवलेल्या टिपणांवरून आणि लिहून ठेवलेल्या मजकुरावरून ब्रँडन सँडरसन यांनी उरलेले तीन भाग २००९, २०१० आणि २०१३ मध्ये पूर्ण केले. 'न्यू स्प्रिंग' संपवून त्याच संध्याकाळी तुम्ही अकरावा सुरू करू शकता. 'हे आत्ता का?' हा त्या वाचकांचा मुख्य आक्षेप तुम्हाला लागूच होत नाही.

दुसरा राग पैशांचा होता, आणि तो रास्त होता. हीच कथा लघुकादंबरीच्या रूपात १९९८मध्ये रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी संपादित केलेल्या 'लेजंड्स' संग्रहात येऊन गेली होती. ती वाचलेल्यांना वाटलं की जुनंच पीठ पाणी घालून पुन्हा विकलं. वस्तुस्थिती अशी की टार व्हॅलनमधला, म्हणजे आइझ सेडाय या जादू जाणणाऱ्या स्त्रियांच्या शहरातला, मोठा भाग (स्वीकृत म्हणजे शिकाऊ मुलींचं रोजचं जगणं, आइझ सेडाय होण्यासाठीची शालीची परीक्षा, निळ्या गटातले पहिले दिवस) सविस्तर मिळतो तो कादंबरीतच. त्यामुळे तुमच्याकडे तो संग्रह असला तरी कादंबरीच वाचा. आणि कादंबरी वाचली असेल तर लघुकादंबरीसाठी वेगळी धावपळ करू नका, तुलना करायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

हे दोन राग वजा केले की जे उरतं ते खरं परीक्षण, आणि त्यात तथ्य आहे. पुस्तकाचा पूर्वार्ध ऐसपैस, निवांत. उत्तरार्ध, म्हणजे कॅनलूम आणि चाचिन या शहरांतला भाग, घाईचा. लघुकादंबरीचा जुना सांगाडा आणि नंतर चढवलेलं मांस यांचा सांधा दिसतो. वाड्यातला शेवट तर इतक्या झटपट उरकलाय की दोन पानं मागे जाऊन कोण कसं मेलं हे पुन्हा तपासावं लागतं. कपड्यांची वर्णनं आहेत, ती याही पुस्तकात सुटत नाहीत.

पूर्वकथेचा मूळ पेच इथेही आहेच: मॉरेन आणि स्वान या आइझ सेडाय आणि पुढे मॉरेनचा अंगरक्षक होणारा लॅन वीस वर्षांनी जिवंत असणार हे माहीत असल्यावर जिवाची भीती वाटणार कशी? जॉर्डन यांनी यावर अर्धा उपाय केलाय. ताण 'वाचेल का'वर न ठेवता 'हे दोघं एकत्र येतात कसे' यावर ठेवलाय. लॅन आणि मॉरेन यांच्या पहिल्या भेटीत एकमेकांबद्दल आदर वगैरे काही नाही, आहे ती निव्वळ चिडचिड, आणि तो भाग जमलाय. जिथे ताण संशयावर टांगलाय तिथे मात्र दोरी तुटते. कॅडस्वेन ही जुनीजाणती आइझ सेडाय ब्लॅक आजाची असावी असा मॉरेनला संशय येतो. (आजाचा उच्चार आपल्या आजोबांसारखाच, अर्थ मात्र गट; ब्लॅक आजा म्हणजे दुष्ट शक्तीला फितूर झालेल्या आइझ सेडायांचा छुपा गट.) पण सातव्या भागापासून कॅडस्वेनला सहन करत आलेल्या वाचकाला या संशयाचं काय कौतुक? ती तापदायक आहे, पण त्या प्रकारची नाही, हे तोवर पुरतं कळलेलं असतं. मेरीन आणि लारेल ही नावं मात्र लक्षात ठेवून वाचा, खरा खेळ तिथे आहे.

आता पाच ताऱ्यांकडे. ते देणारे आंधळे भक्त होते असं नाही. मॉरेन पाचव्या भागाच्या शेवटी खलनायिका लॅनफिअरसह त्या जादुई दारातून गेली आणि नाहीशी झाली ते १९९३ साल. २००४ पर्यंत अकरा वर्षं आणि पाच जाडजूड पुस्तकं वाचकानं तिच्याशिवाय काढली होती. लॅनही मधल्या भागांत कडेकडेनंच दिसतो. मालिका अनेक पात्रांत इतकी पसरली होती की एका माणसाच्या खांद्यावर बसून सलग शंभर पानं वाचायची सवयच मोडली होती. 'न्यू स्प्रिंग'मध्ये दोनच दृष्टिकोन: मॉरेन आणि लॅन. मालिकेतलं हे सगळ्यात छोटं पुस्तक, आणि ज्यांना पहिल्या तीन भागांचा वेग आवडत होता त्यांना तो इथे पुन्हा सापडला. म्हणजे एकच पुस्तक, एकच आठवडा, पण 'पुढे काय' विचारणारा चिडला आणि 'ती कुठे आहे' विचारणारा सुखावला.

शिवाय मुख्य मालिकेत नुसतं गृहीत धरलेलं बरंच काही इथे प्रत्यक्ष दिसतं. शालीची परीक्षा म्हणजे शंभर विणी, ठरलेल्या क्रमानं, चेहऱ्यावरची रेष न हलवता, आणि त्याच वेळी समोर जे उभं ठाकेल ते झेलत. आइझ सेडाय एकमेकींपुढे शक्तीच्या तारतम्यानं झुकतात, पण ते तारतम्य उघड बोलून दाखवणं असभ्य मानतात, ही अलिखित उतरंड इथे नव्यानं शाल मिळालेल्या मॉरेन आणि स्वान या दोघींना शिकवली जाते. हे वाचून चौथ्या-सहाव्या भागांतले आइझ सेडायांच्या मनोऱ्यातले खटके आठवा. कोण कुणापुढे का गप्प बसली हे आत्ता उलगडेल. जगाचं भवितव्य ज्याच्या हाती असणार तो ड्रॅगन पुन्हा जन्मल्याचं भविष्य सांगता सांगता गितारा कोसळते त्या खोलीत या दोघी होत्या हे आपल्याला माहीत होतंच, पण त्यानंतर मनोऱ्याची प्रमुख तामरा काय करते ते इथे कळतं. वेढ्याच्या काळात मनोऱ्याच्या आसपास बाळंत झालेल्या प्रत्येक स्त्रीला सोन्याचे शंभर क्राउन जाहीर होतात. वरकरणी दानधर्म, आतून ते बाळ शोधायला नावं गोळा करायची युक्ती. त्या याद्या उतरवून काढायचं कंटाळवाणं काम मॉरेनच्या गळ्यात पडतं आणि ती चोरून स्वतःसाठी वेगळी नक्कल करते. माझ्या मते पुस्तकातला सर्वात चांगला धागा हाच. जगाचं भवितव्य कारकुनी कामात दडलेलं आहे, आणि पुढे तोच शोध करणाऱ्या एकेक करून मरायला लागतात.

आता 'सगळ्यात आधी हेच वाचा, काळाच्या क्रमानं हेच पहिलं' या सल्ल्याबद्दल. नवख्यांना हा सल्ला देऊ नका. पहिल्या भागाची अर्धी गंमत मॉरेनवर विश्वास ठेवायचा की नाही यात आहे. एमंड्स फील्डची पोरं तिला घाबरतात, नायनीव तिचा राग करते, आणि वाचकही त्यांच्यासोबत साशंक असतो. तिच्या डोक्यात तीनशे पानं घालवून आलेल्याला नायनीव नुसती हट्टी वाटते. दुसरं नुकसान याहून मोठं. ते बाळ ड्रॅगनमाउंट या डोंगराच्या उतारावर जन्मलं हे पूर्वकथेत सुरुवातीलाच सांगितलं जातं. मग पहिल्या भागात त्या पोरांपैकी एकाचा बाप टॅम तापात बरळतो, डोंगराच्या उतारावर सापडलेल्या मुलाबद्दल बोलतो, तो क्षण बार फुसका निघावा तसा जातो. एमंड्स फील्डच्या तिघा पोरांपैकी ड्रॅगन कोण हे कोडं सुरू होण्याआधीच सुटलेलं. ब्लॅक आजाचंही तेच. सुरुवातीच्या भागांत ती कुजबुज आहे, नाकारलेली गोष्ट आहे. पूर्वकथेत ती चालतीबोलती समोर येते. वर शब्दांचा अडसर: स्वीकृत, वॉर्डर, टेर-आंग्रियल यांतलं काहीच हे पुस्तक थांबून समजावत नाही, कारण ते लिहिलंच होतं दहा भाग वाचलेल्यांसाठी.

तुमच्या मागे असलेल्या कुणी विचारलंच, तर पाचव्यानंतर चालतं. तिथे मॉरेनची ओढ ताजी असते आणि कॅडस्वेन अजून भेटलेली नसल्यामुळे तो संशयाचा भागही काम करतो. बदल्यात सातव्या भागातलं तिचं आगमन थोडं बोथट होतं. पाचव्याच्या आधी नको. आणि तेरावा उघडायच्या आधी वाचाच. तिथला एक प्रसंग शालीच्या परीक्षेचे नियम आधीच माहीत असणाऱ्याला वेगळाच लागतो. एवढंच सांगतो.

जॉर्डन यांच्या डोक्यात अशा आणखी दोन पूर्वकथा होत्या. एक टॅमची, दुसरी मॉरेन आणि लॅन एमंड्स फील्डपर्यंत कसे पोहोचले याची. त्या लिहून झाल्या नाहीत. त्यामुळे 'न्यू स्प्रिंग'चा शेवट 'आता पुढचा शोध' अशा वळणावर सुटतो, तो तसाच राहणार. काही लोक याला अर्धवट शेवट म्हणून तारे कापतात. दहा भाग वाचलेल्याला तो शोध कुठे जाऊन थांबला हे माहीत आहे, त्यामुळे तुम्हाला हे टोचू नये.

हीच चाळणी दुसरीकडे लावायची असेल तर जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं 'फायर अँड ब्लड' घ्या. त्यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मुख्य मालिकेचा पाचवा भाग जुलै २०११चा, सहावा अजून नाही, आणि नोव्हेंबर २०१८मध्ये टार्गेरियन घराण्याचा हा जाडा इतिहास आला. तिथे राग तोच, पण आणखी एका कारणानं गोंधळ झाला: ते कादंबरीच्या रूपात नाहीच. आर्चमेस्टर गिल्डेन नावाच्या काल्पनिक इतिहासकारानं लिहिलेली बखर आहे ती. सेप्टन यूस्टेस एक सांगतो, विदूषक मशरूम भलतंच चावट काही सांगतो, आणि खरं काय ते वाचकानं ठरवायचं. पात्राच्या डोक्यात शिरायला मिळत नाही म्हणून तारे कापणारा आणि बखरीतली ही लबाडी आवडणारा, दोघंही प्रामाणिक असतात. पहिल्याला फक्त कुणी आधी सांगितलं नव्हतं. तिथेही काही तुकडे आधी संग्रहांतून आलेले होते (२०१३, २०१४ आणि २०१७), म्हणून पुन्हा तीच पैशांची तक्रार. आणि हा इतिहासही दोन खंडांचा, त्यातला दुसरा बाकी. न संपलेल्या मालिकेची न संपलेली पूर्वकथा!

उलट मार्टिन यांच्याच डंक आणि एग यांच्या लघुकादंबऱ्यांवर कुणी फारसं चिडलेलं दिसत नाही. त्यातली पहिली १९९८ची, 'न्यू स्प्रिंग'ची लघुकादंबरी ज्या 'लेजंड्स'मध्ये आली त्याच संग्रहातली. तेव्हा मुख्य मालिकेचा दुसरा भाग त्याच वर्षी येत होता, कुणी उपाशी नव्हतं.

तुम्ही वाचायला बसाल तेव्हा शाल मिळेपर्यंतचा भाग शक्यतो एका दमात वाचा, लय तशीच बांधलीय. कॅनलूमला पोहोचल्यावर मात्र वेग कमी करा. तिथून नावांची गर्दी होते, एका ओळीत मेलेलं माणूस पुढच्या पानावर महत्त्वाचं ठरतं, आणि पुस्तकाच्या शेवटी दिलेली शब्दसूची याबाबतीत फारशी कामाची नाही.