वकील मिळेल, आधी नकलेचा अर्ज करा

प्रश्न : वडिलोपार्जित शेतजमिनीत हिस्सा मिळावा म्हणून मी भावांविरुद्ध तालुक्याच्या कोर्टात (कनिष्ठ स्तर) वाटपाचा दावा लावला होता. १९९६ मध्येच तोंडी वाटणी झाली, हे भावांचं म्हणणं मान्य करून कोर्टाने दावा फेटाळला. निकालाला १६ दिवस झाले. आमचे वकील अपील चालवत नाहीत आणि राहिलेली फी दिल्याशिवाय फाइलही देत नाहीत. अपिलासाठी वकील कसा शोधू? – एक वाचक, सातारा जिल्हा

ताई, वकील चार दिवसांनी मिळाला तरी चालेल, निकालाच्या नकलेचा अर्ज मात्र उद्याच टाका. जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात, पण अर्ज केल्यापासूनचेच. आधीचे १६ गेले ते गेले. तयार झालेली नक्कल आठवडाभर नेलीच नाही, तर तेही दिवस तुमच्याच माथी. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण द्यावं लागतं आणि भावांना भांडायला आयता मुद्दा मिळतो. निकालपत्र आणि हुकूमनामा (डिक्री), दोन्हींच्या प्रमाणित नकला मागा. हा अर्ज तुम्ही स्वतः करू शकता.

फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची फाइल अडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० मध्येच सांगितलंय. तसं पत्र देऊन पोच घ्या. पण त्यावर अडून बसू नका. कैफियत (भावांचं लेखी उत्तर), साक्षीपुरावा, दाखल कागद, सगळ्याच्या नकला कोर्टातून मिळतात.

आता वकील. मुंबईचं मोठं नाव शोधू नका. साताऱ्यात दिवाणी अपिलं नेहमी चालवणारा माणूस हवा. त्यांना निकालपत्र वाचायला द्या आणि विचारा, 'कोर्टाचं नेमकं कुठे चुकलं?' न वाचताच 'जिंकून देतो' म्हणणाऱ्याचा चहा घ्या आणि निघा. तुमच्या प्रकरणात त्यांच्या तोंडून सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालाचं (२०२०) नाव निघायला हवं. तोंडी वाटणीचा बचाव सहजासहजी मानू नये, त्याला सरकारी कागदांचा आधार हवा, असं तो निकाल म्हणतो. म्हणून त्या काळातले फेरफार (जमिनीच्या नोंदींतले बदल) सोबत न्या. वेगळे सातबारे तेव्हाच झाले असतील, तर अपील अवघड आहे, आणि हे तोंडावर सांगणारा वकील मला जास्त भरवशाचा वाटतो. नवा पुरावा अपिलात सहसा घेत नाहीत, तेव्हा जे दाखल झालंय त्यावरच लढायचंय.

फी लेखी ठरवा. 'जमिनीतला वाटा द्या' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. निकालावर अवलंबून फी घ्यायला वकिलांना मनाई आहे. पैशांची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

आणखी एक. दावाच फेटाळला गेल्यामुळे निकालाला नुसती स्थगिती घेऊन तुमच्या पदरात काही पडत नाही. भावांनी मधल्या काळात जमीन विकू नये म्हणून अपिलासोबतच तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्यायला नव्या वकिलांना सांगा.