‘पासून’ एक, इंग्रजी शब्द दोन

प्रश्न : मी नाशिकला एका पतसंस्थेत कारकून आहे. एका सहकाऱ्याच्या अनुभवाच्या दाखल्यात मी ‘ही इज वर्किंग विथ अस सिन्स लास्ट फाइव्ह इयर्स’ असं लिहिलं. नव्या व्यवस्थापकांनी ‘सिन्स’ खोडून ‘फॉर’ केलं. दोन्हींचा अर्थ ‘पासून’च ना? मग चुकलं काय? शिवाय ‘सिन्स’ म्हणजे ‘कारण’ असंही वाचनात येतं.

उत्तर : ‘गेल्या पाच वर्षांपासून’ हे तुम्ही मराठीतून उचलून शब्दाला शब्द ठेवलंत. मी वाईजवळच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि दहावीच्या प्रत्येक तुकडीत हेच वाक्य तपासलं. मुलं बेफिकीर म्हणून ते येत नाही. आपला ‘पासून’ दोन कामं करतो, म्हणून येतं. ‘सोमवारपासून’ म्हटलं की तो सुरुवात दाखवतो आणि ‘तीन तासांपासून’ म्हटलं की किती काळ गेला ते मोजतो. इंग्रजीने ही कामं वाटून दिली आहेत. सुरुवात सांगायची ती ‘सिन्स’ने, मोजमाप सांगायचं ते ‘फॉर’ने. हिंदीतला ‘से’ आपल्या ‘पासून’सारखाच. जर्मनमधला ‘झाइट’सुद्धा दोन्हीकडे चालतो, त्यामुळे जर्मन माणसंही इंग्रजीत हीच चूक करतात.

मी मुलांना एक युक्ती सांगायची. मराठी वाक्यातला ‘पासून’ काढून बघा. ‘तीन तासांपासून रांगेत उभी आहे’ याचं ‘तीन तास रांगेत उभी आहे’ झालं. वाक्य टिकलं, म्हणून ‘फॉर’. ‘सकाळपासून उपाशी आहे’ याचं ‘सकाळ उपाशी आहे’ होईल का? नाही, म्हणून ‘सिन्स’. ‘लहानपणापासून’, ‘दिवाळीपासून’, ‘२०१२ पासून’ सगळे इकडचेच. तुमचं ‘गेल्या पाच वर्षांपासून’ मात्र ‘गेली पाच वर्षं’ असं सहज होतं, आणि माझ्या कानाला मराठीतही तेच जास्त गोड लागतं. घोटाळा होतो तो ‘गेल्या वर्षापासून’ या शब्दांशी. तिथे वर्ष मोजायचं नसतं; ते सुरुवातीचं ठिकाण असतं, म्हणून ‘सिन्स लास्ट इयर’ बरोबर. ‘गेलं वर्षभर’ म्हणायचं असेल तर ‘फॉर द लास्ट इयर’.

व्यवस्थापकांनी शब्द सुधारला, पण क्रियापद तसंच राहिलं, आणि खरी मेख तिथे आहे. आपण ‘मी पाच वर्षं काम करतो आहे’ असं वर्तमानकाळात म्हणतो. इंग्रजीत मागे सुरू होऊन आजपर्यंत चाललेल्या गोष्टीला ‘हॅज बीन’ लागतं. नुसत्या ‘ॲम’ किंवा ‘इज’ला ‘फॉर’ जोडला तर अर्थ पुढच्या काळाकडे वळू शकतो. माझी धाकटी बहीण मुलीकडे इंग्लंडमध्ये लीड्सला गेली होती. परतायला चार दिवस उरले असताना शेजारच्या आजींना ती म्हणाली, ‘आय ॲम हिअर फॉर टू मंथ्स.’ तिला म्हणायचं होतं, येऊन दोन महिने झाले. आजींना वाटलं, ही दोन महिने राहणार. पुढच्या रविवारी त्या केक घेऊन दारात आल्या, तेव्हा बहीण साताऱ्यात पोचली होती. ही गोष्ट तिला अजून लागून आहे. ‘आय हॅव बीन हिअर’ म्हणाली असती, तर केक चार दिवसांच्या आतच झाला असता.

‘फॉर’ला काळाचं बंधन नाही. ‘आय लिव्हड इन पुणे फॉर थ्री इयर्स’ म्हणजे तीन वर्षं राहिले, आता राहत नाही. ‘सिन्स’ मात्र एकटाही उभा राहतो : ‘ही लेफ्ट इन २०१० अँड हॅज नॉट कम बॅक सिन्स.’ इथे तो क्रियाविशेषण आहे, अर्थ ‘त्यानंतर’. ‘फॉर’ला हे जमत नाही.

आता ‘कारण’. तुमचं वाचन बरोबर आहे, आणि गंमत अशी की दोन्ही शब्द उभयान्वयी होऊन कारण सांगू शकतात. ‘सिन्स इट वॉज रेनिंग, वी स्टेड होम’ : पाऊस पडत असल्यामुळे. हे वाक्याच्या आरंभीही चालतं. ‘फॉर’ मात्र आपल्या ‘कारण’सारखा मुख्य वाक्यानंतरच येतो, आणि या अर्थाने आता तो फक्त पुस्तकी भाषेत उरला आहे, दाखल्यात तसा वापरू नका. ‘सिन्स ही लेफ्ट, वी हॅव बीन अनहॅपी’ हे वाक्य ‘तो गेल्यापासून’ की ‘तो गेल्यामुळे’? इंग्रजीत दोन्ही वाचता येतं. मराठीत शब्दयोगी अव्यय बदललं की शंका मिटते. इथे आपली भाषा जास्त नेमकी आहे, हे मी वर्गात दरवर्षी आवर्जून सांगायची.

तुमचा दाखला असा लिहा : ‘ही हॅज बीन वर्किंग विथ अस फॉर द लास्ट फाइव्ह इयर्स.’ रुजू झाल्याची तारीख हजेरीपत्रकात असेलच. ती घातलीत तर अधिक चांगलं, आणि मग तुमचा ‘सिन्स’ तारखेच्या आधी बिनधास्त लिहा.