शाळेच्या संघाचं नाव 'क्रिमिनल्स' असणं योग्य आहे का?

तुम्ही विचारलंय की ॲरिझोनातल्या युमा हायस्कूलच्या संघाला खरंच 'क्रिमिनल्स' म्हणतात का, आणि म्हणत असतील तर पालकांना ते चालतं कसं. हो, म्हणतात. लाडाने 'क्रिम्स'. शाळेच्या चिन्हावर राकट चेहऱ्याचा कैदी आहे आणि शाळेचे टी-शर्ट वगैरे जिथे मिळतात त्या दुकानाचं नाव 'सेल ब्लॉक', म्हणजे तुरुंगातल्या कोठड्यांची रांग. मी याच राज्यात राहतो, आणि इथल्या शाळांच्या नावांत मला हे सगळ्यांत अस्सल वाटतं.

त्याचं मूळ गावच्या तुरुंगात आहे. कोलोरॅडो नदीकाठच्या टेकाडावरचा युमा टेरिटोरियल प्रिझन १८७६ च्या जुलैत सुरू झाला. पहिल्या सात कैद्यांना ज्या कोठड्यांत कोंडलं, त्या त्यांनीच बांधल्या होत्या. ३३ वर्षांत तीन हजारांवर कैदी इथे येऊन गेले, त्यांत २९ बायका. १९०९ मध्ये सगळ्यांना ॲरिझोनातल्याच फ्लॉरेन्स गावच्या नव्या तुरुंगात हलवलं आणि हा रिकामा पडला. हायस्कूलला इमारत नव्हती. मग १९१० ते १९१४ शाळा चक्क तुरुंगात भरली.

त्याच काळात युमाच्या फुटबॉल संघाने, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, फीनिक्सच्या संघाला हरवलं. चिडलेल्या फीनिक्सवाल्यांनी त्यांना 'क्रिमिनल्स' म्हणून हिणवलं. पोरांना ते नाव आवडलं! पुढे १९१७ मध्ये शाळेने ते रीतसर स्वीकारलं.

आता तिथे म्युझियम आहे. कोठडीचं दार म्हणजे आडव्या-उभ्या लोखंडी पट्ट्यांची जाळी. आत दोन्ही भिंतींना एकावर एक तीन बिछाने, म्हणजे एका कोठडीत सहा माणसं. त्या दारातून बाहेरचं ऊन बघताना, अशा आवारात दप्तर घेऊन येणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचा विचार मनातून जात नाही. गावाने ती चार वर्षं लपवली नाहीत, याचं मला फार कौतुक आहे.

यात गुन्हेगारीचं उदात्तीकरण होतं, हा आक्षेप मला पटत नाही. एक तर या तुरुंगात सगळे काही दरोडेखोर नव्हते. मेक्सिकन क्रांतिकारक रिकार्डो फ्लोरेस मागोनलाही १९०९ मध्ये इथेच ठेवलं होतं. आणि दुसरं, माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं: हे नाव मुलांनी स्वतःला लावून घेतलंय. अमेरिकेतल्या कितीतरी शाळांनी मूळ रहिवाशांची नावं आणि पिसांचे मुकुट त्यांना न विचारता वापरले. तिथे पालकांनी जरूर हरकत घ्यावी. युमात नदीपलीकडेच क्वेचान या मूळ रहिवासी लोकांची वस्ती आहे. त्यांचा चेहरा वापरण्यापेक्षा गावाने आपला इतिहास अंगावर घेतला, हे मला कितीतरी सभ्य वाटतं.

तुमची बदली युमाला होत असेल आणि मुलीला याच शाळेत घालायचं असेल, तर बिनधास्त घाला. त्याआधी तिला तुरुंग दाखवून आणा. फीनिक्सहून गाडीने साधारण तीन तास लागतात. फक्त जून ते सप्टेंबर टाळा, त्या उन्हात टेकाडावर उभं राहवत नाही.